दीर्घरचनेला एक श्रोता कमी

मनुष्यजातीने आजवर जे जे मोलाचे निर्माण केले ते सगळे लांबलचक आहे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. ज्यांचे दुमत आहे त्यांनी पूर्ण ऐकून घेतलेले नाही. शिंक छोटी असते, उचकी छोटी असते, पण कोणी शिंक जतन करून ठेवल्याचे ऐकिवात नाही. याच तत्त्वावर आमचे दीर्घरचना श्रवण मंडळ कित्येक वर्षे इमारतीच्या तळघरातल्या खोलीत दर रविवारी सकाळी प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत आले आहे. मंडळाचा चिटणीस या नात्याने सरलेल्या वर्षाचा सांगीतिक आढावा सादर करणे माझे कर्तव्य आहे, आणि कोणी मागितलेला नसला तरी तो मी सादर करीत आहे.

अनभिज्ञांसाठी थोडेसे. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे असे रॉक संगीत, जे कुठेतरी जायला निघालेले असते. कुठे, हे शेवटपर्यंत वादकांनाही कळू न देण्याची प्रथा आहे. साध्या गाण्यात जे तीन मिनिटांत आटोपते ते इथे अर्धा तास चालते. ताल सारखा बदलत राहतो, मधेच एक बासरी येऊन जाते (का आली, हे विचारायचे नसते), आणि शेवटी सुरुवातीचीच धून परत येते, फक्त जास्त मोठ्याने. याला प्रगती म्हणतात.

मी पेशाने लिफ्ट तपासनीस आहे. आठवडाभर मी लोक सुखरूप आणि वेळेत पोचतात की नाही हे पाहतो. त्यामुळे रविवारी तरी कुठेही न पोचणे ही माझ्या प्रकृतीची गरज आहे, हे मी बायकोला अनेकदा पटवून दिले आहे. तिला ते पटलेले नाही.

मंडळाची घटना सुटसुटीत आहे. एकोणीस मिनिटांहून लहान रचना संगीत म्हणून ग्राह्य धरली जात नाही. रचना चालू असताना बोलणे, उठणे, घड्याळ पाहणे आणि समजल्यासारखा चेहरा करणे यांस मनाई आहे. (समजल्यासारखा चेहरा रचना संपल्यावर करता येतो, पण अध्यक्षांनी केल्यानंतर.) खुर्च्या लोखंडी आहेत, कारण मऊ खुर्चीत बसले की संगीत आवडू लागते आणि मूल्यमापनात अडथळा येतो. आणि मग कलम नऊ, ज्याचा आम्हाला विशेष अभिमान होता: जो सभासद ऐकताना पायाने ठेका धरील त्याचे सभासदत्व त्याच क्षणी, ठराव न करता, आपोआप रद्द होईल. ठेका धरता आला याचा अर्थ ताल सोपा आहे, आणि ताल सोपा आहे याचा अर्थ कोणाचे तरी चुकले आहे.

आता सभासद. अध्यक्ष दंतवैद्य आहेत. ते दवाखान्यातही दिवसभर हेच संगीत लावतात आणि आजवर एकाही रुग्णाने त्याविरुद्ध चकार शब्द काढलेला नाही, कारण त्या वेळी रुग्णाच्या तोंडात अध्यक्षांचे दोन्ही हात असतात. दुसरे सभासद शिंपी आहेत. त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणतो. ते ऐकत नाहीत, मोजतात. तेरा मात्रांचे आवर्तन आले की ते बोटे अशी काही मुडपतात की नंतर दोघांनी मिळून सोडवावी लागतात. तिसरे निवृत्त ग्रंथपाल, टोपणनाव आधीचबरे. त्यांना प्रत्येक बँड आवडतो, पण त्यातला एक वादक सोडून गेला त्याच्या आधीचा. चौथा मी. पाचवा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो औषध कंपनीचा फिरता विक्रेता असून आयुष्याचा बराचसा भाग गाडीत काढतो. त्याला मंडळात मीच आणले होते, कारण सासरच्या माणसांपैकी तो एकटाच माझे बोलणे संपेपर्यंत थांबत असे.

जानेवारीत सोसायटीच्या सेक्रेटरींनी आम्हाला बोलावून घेतले. आमच्या खोलीवर टेबल टेनिसवाल्यांचा डोळा होता. सेक्रेटरी म्हणाले, नियम असा आहे की पाच सभासद असतील तर ते मंडळ, पाचांहून कमी असतील तर ती नुसती जमलेली माणसे. जमलेल्या माणसांना खोली देता येत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ते स्वतः येऊन डोकी मोजणार होते. एक डोके कमी भरले की खोलीत टेबल येणार होते.

आम्ही हसलो. पाच तर होतोच.

इथे एक गोष्ट सरळच सांगतो. घरी मी ऐकायला बसलो की कोणीतरी मिक्सर लावते. कार्यालयात संगीताचा विषय काढला की सहकाऱ्यांना अचानक लिफ्ट तपासायची इच्छा होते. जगाच्या पाठीवर ती तळघरातली ओल आलेली खोली ही एकच जागा होती, जिथे मी तोंड उघडले तर चार माणसे मान हलवत असत. ती गेली तर मी कुठे जाणार, याची मला मनापासून भीती वाटत होती.

मार्चमध्ये आम्ही ‘गंजलेल्या चंद्राचे बालपण’ ही रचना ऐकली. रचना उत्तम, कालावधी भरगच्च, मुखपृष्ठावर हवेत तरंगणारे बेट. सगळे सुरळीत चालले असताना ड्रमरच्या हलगर्जीपणामुळे ताल काही काळ चार मात्रांवर राहिला आणि मेहुण्याचा उजवा पाय हलला. एकदा नाही, चांगला सोळा मात्रा हलला. मोजपट्टींनी मोजले होते.

रीतसर चौकशी झाली.

“पाय तुमचाच होता?” अध्यक्षांनी विचारले.

“हो ना. मजा आली हो एकदम,” मेहुणा म्हणाला.

मजा हा शब्द मंडळाच्या इतिवृत्तात प्रथमच आला. मी त्याचे स्पेलिंग विचारल्यासारखा त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने तिथेच थांबायला हवे होते, पण प्रामाणिक माणसाला कुठे थांबावे ते कळत नाही. गाडीत आपण एक गाणे नेहमी लावतो, ते जेमतेम तीन मिनिटांचे आहे, त्याचे ध्रुवपद तीनदा येते आणि तिन्ही वेळा आपण बरोबर गातो, असे त्याने आपण होऊन सांगितले.

“कोणासमोर?” अध्यक्षांचा आवाज खाली गेला होता.

“एकटाच असतो की, डॉक्टर.”

“म्हणजे सवय आहे,” आधीचबरे म्हणाले. “हा आधी बरा होता.”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. “दाजी, तुम्ही तरी बोला.” मी इतिवृत्त लिहीत होतो. लिहिणाऱ्याने बोलायचे नसते असा काही नियम नाही, पण त्या क्षणी मला तो असल्यासारखा वाटला. मेहुणा आपली पाण्याची बाटली घेऊन निघून गेला आणि कलम नऊची प्रतिष्ठा राखली गेली. मग मोजपट्टींनी आम्हाला मोजले. चार भरलो. त्यांनी वेगळ्या तालात पुन्हा मोजले, तरी चारच भरलो.

घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती.

“माझ्या भावाला पाय हलवला म्हणून काढलंत?”

“मी नाही काढलं. कलमानं काढलं.”

“बरं. मग आता जेवायलाही कलमच वाढेल.”

त्यानंतर काही आठवडे मला कलमाने वाढले.

पाचवा सभासद मिळवण्याची मोहीम मंडळाने एप्रिलमध्ये हाती घेतली. उमेदवाराने ‘दीपगृह’ ही त्रेचाळीस मिनिटांची रचना एका बैठकीत ऐकायची, एवढीच अट होती. दीपगृहाचा एक रखवालदार असतो, त्याला हळूहळू कळते की आपणच समुद्र आहोत, असे तिचे कथानक आहे. पहिली उमेदवार माझी बायको. ती माझ्यासाठी नव्हे, तर भावाला कशापायी काढले ते एकदा बघून घ्यावे म्हणून आली. तिने बराच वेळ शांतपणे ऐकले. मग नियम धाब्यावर बसवून विचारले, “हा एवढा का ओरडतोय?”

मी हळूच सांगितले, “त्याला कळलंय की तो समुद्र आहे.”

“घरी सांगितलंय का त्यानं?”

“घरचा उल्लेख नाही रचनेत.”

“त्रेचाळीस मिनिटं स्वतःबद्दल बोलतोय आणि घरचा उल्लेख नाही.” तिने पर्स उचलली. “ओळखलं मी ह्याला.”

तिने कोणाला ओळखले ते मी विचारले नाही. अध्यक्षांनी उमेदवारी फेटाळल्याचे जाहीर केले तेव्हा ती जिना चढून गेलेली होती.

दुसरा उमेदवार अध्यक्षांचा एक रुग्ण होता. त्याची संमती दाढ बधिर असताना घेतली गेली आणि त्याने मान हलवली ती होकारार्थी होती असे अध्यक्षांचे मत पडले. तो आला, खुर्चीत बसला, ऑर्गनचा पहिला सूर लागला आणि त्याने सवयीने तोंड उघडले. ते त्रेचाळीस मिनिटे उघडेच राहिले. संपल्यावर त्याने चूळ भरायला पाणी मागितले आणि परत कधी दिसला नाही.

सगळ्यात मोठी आशा आम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांकडून होती. काय बैठक होती त्यांची! पाय हलणे सोडाच, पापणी हलली नाही. ओळीने तीन रविवार ते आले, ऐकले आणि काहीही न बोलता गेले. आम्ही एकमेकांना कोपराने ढोसू लागलो होतो. चौथ्या रविवारी ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. प्रकरणात तथ्य आढळत नाही.” आणि आपली काठी घेऊन चालते झाले. निकालाविरुद्ध कुठे दाद मागायची हे आम्हाला कळेना.

मोहिमेचा फटका सांगीतिक कार्याला बसू दिला नाही, हे मात्र अभिमानाने नमूद करतो. वर्षभरात मंडळाने एकसष्ट रेकॉर्डी ऐकल्या. त्यांपैकी चव्वेचाळीस मुखपृष्ठांवर बेट हवेत तरंगते, नऊ मुखपृष्ठांवर तेच बेट उलटे तरंगते आणि उरलेल्यांवर एक माणूस पाठमोरा उभा राहून बेटाची वाट पाहतो. वर्षाचे मानकरी असे ठरले. सर्वोत्कृष्ट प्रस्तावना: ‘भरतीपूर्वीचे मौन, खंड दुसरा’. (खंड पहिला बँडला अजून सुचलेला नाही.) सर्वोत्कृष्ट बासरी, विनाकारण या गटात: विभागून. सर्वोत्कृष्ट पुनरागमन: दर वर्षी निरोपाचा दौरा काढणारे ते पाच वृद्ध, यंदा त्यांतले दोघे नवीन होते आणि तिघे झोपेत. सर्वांत प्रामाणिक गीतलेखन: ज्या गायकाने बाराव्या मिनिटाला “मी कुठे आहे” असे विचारले, तो.

सर्वोत्कृष्ट मध्यभाग या प्रतिष्ठेच्या पुरस्काराबद्दल थोडे खुलासेवार लिहायला हवे, कारण त्याबद्दल इमारतीत गैरसमज पसरवले जात आहेत. जूनमध्ये आम्ही एका नव्या बँडची रचना ऐकत असताना संगीत अचानक थांबले. पूर्ण शांतता. आम्ही श्वास रोखून बसलो. असा धीटपणा गेल्या दहा वर्षांत कोणी दाखवला नव्हता. अध्यक्षांनी डोळे मिटले. मोजपट्टी शांततेच्या मात्रा मोजू लागले आणि ती अकरात बसते असे त्यांनी बोटांनी खुणावले. बऱ्याच वेळाने संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तेव्हा मूळ धून परत आली म्हणून आधीचबरे यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. बाहेर पडल्यावर कळले की वीज गेली होती. मंडळाने तातडीची बैठक घेऊन असे ठरवले की वीज गेली हे खरे असले तरी ती योग्य ठिकाणी गेली. पुरस्कार कायम राहिला. तो बँडला द्यावा की वीज मंडळाला, एवढाच प्रश्न समितीपुढे प्रलंबित आहे.

असे करता करता डिसेंबर आला आणि आम्ही चारच होतो. सेक्रेटरी जिन्यात भेटले की डोळ्यांनीच आमची मोजदाद करत. टेबल टेनिसवाले खोलीची लांबी-रुंदी घेऊन गेले. आणि घेताना, हे मला फार लागले, त्यांनी शिट्टी वाजवली.

शेवटी मी मेहुण्याकडे गेलो. वाटेत मी एक भाषण तयार केले होते, त्याला प्रस्तावना होती, तीन भाग होते आणि उपसंहार होता. दारात तो दिसला आणि माझ्या तोंडून एवढेच निघाले, “चूक झाली रे. ये परत.”

“येतो की, दाजी,” तो लगेच म्हणाला. “पण माझं गाणं एकदा लावायचं. त्या खोलीत. सगळ्यांनी ऐकायचं.”

मंडळापुढे हा पेच ठेवला तेव्हा अध्यक्षांचा चेहरा मुळापर्यंत किडलेली दाढ पाहिल्यासारखा झाला. तीन मिनिटांचे गाणे लावले तर घटना बुडते, न लावले तर खोली बुडते. अखेर मोजपट्टींनी मार्ग काढला. शिंप्याला तोकड्या कापडातून सदरा काढायची सवय असते. ते म्हणाले, गाणे ओळीने सात वेळा लावायचे, मधे थांबायचे नाही, म्हणजे एकवीस मिनिटांची सात खंडांची एकच रचना होते. सर्व खंडांत मूळ धून परत येते, हे तर कोणत्याही बँडला आजवर साधलेले नाही. आधीचबरे यांनी पहिला खंड बाकीच्यांपेक्षा सरस असेल असे आगाऊ मत नोंदवले आणि ठराव संमत झाला.

शेवटच्या रविवारी मेहुणा आला, त्याला रीतसर पुन्हा दाखल करून घेण्यात आले आणि रचना सुरू झाली.

पहिला खंड आम्ही कपाळाला आठ्या घालून ऐकला. गाणे अगदी साधे होते. कोणीतरी कोणाला तरी म्हणते, उशीर झाला तरी चालेल, ये, दार उघडे आहे. एवढेच. समुद्र नाही, चंद्र नाही, दार तेवढे आहे. दुसऱ्या खंडात ध्रुवपद आले तेव्हा ते येणार हे आम्हाला माहीत होते आणि ते आले. पुढे काय येणार हे माहीत असणे आणि नेमके तेच येणे, हा अनुभव मंडळाला नवा होता. मोजपट्टींनी चार मोजले, परत चार मोजले, आणि प्रत्येक वेळी हिशेब जुळला तेव्हा त्यांची मुडपलेली बोटे आपोआप सुटली. तिसऱ्या खंडात लोखंडी खुर्ची वाजली. अध्यक्षांचा पाय होता. त्यांनी पायाकडे परक्या माणसाच्या पायाकडे पाहावे तसे पाहिले, आणि मग दुसराही सोडला.

मी किती वेळ तग धरला ते सांगत नाही. मला फार फार बरे वाटत होते. चौथ्या खंडात मी गात होतो, बेसूर आणि मोठ्याने, आणि मेहुणा माझ्या खांद्यावर हात टाकून ओरडत होता, “दाजी, शब्द चुकताय, पण चालू द्या!” आधीचबरे रडवेले होऊन सांगत होते की हा खंड आधीच्यापेक्षा बरा आहे. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला त्यांच्या पत्नी हयात असायला हव्या होत्या.

पाचव्या खंडात दार उघडले आणि सेक्रेटरी आत आले. पाच प्रौढ माणसे नाचत होती. त्यांनी शांतपणे डोकी मोजली. (डोकी एका जागी ठरत नव्हती, त्यामुळे वेळ लागला.) “पाच,” ते म्हणाले. “खोली मंडळाची.” आणि पाठीमागे टेबल घेऊन उभ्या असलेल्या दोघांना त्यांनी परत वर पाठवले.

सातवा खंड संपल्यावर आम्ही घाम पुसत खाली बसलो, आणि चिटणीस म्हणून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कलम नऊ. त्याच क्षणी, ठराव न करता, आपोआप. सेक्रेटरींनी पाच डोकी मोजली तेव्हा त्यांतले एकही सभासदाचे नव्हते. कलम रद्द करता येईल का, हे आम्ही तपासले. येते, पण त्याला सभासदांचे मतदान लागते.

तेव्हा आजची स्थिती अशी आहे. खोली मंडळाच्या नावावर कायम आहे, मंडळ कायदेशीररीत्या अस्तित्वात आहे, आणि त्यात कोणी नाही. आम्ही पाचजण रविवारी सकाळी आवारात उभ्या असलेल्या मेहुण्याच्या गाडीत दाटीवाटीने बसतो. गाडीतल्या जागा मऊ आहेत. मागच्या आठवड्यात बायकोने काचेवर टकटक केली, “सरका,” म्हणाली आणि आत येऊन बसली. ध्रुवपद तिला पाठ होते. तिच्या भावाला ते तिनेच शिकवले होते, हे मला संसाराची इतकी वर्षे झाल्यावर कळले.

परंतु खोली रिकामी ठेवता येत नाही. सेक्रेटरी पुढच्या डिसेंबरात पुन्हा मोजायला येतील. ‘दीपगृह’ दर रविवारी कोणीतरी ऐकलेच पाहिजे, खुर्च्या तशाच आहेत आणि घटनाही. सबब मावळत्या मंडळाने नव्या सभासदांसाठी पात्रता ठरवून दिली आहे. उमेदवाराने एखादी लांबण, जिची त्याला काहीही गरज नव्हती, केवळ सुरू केली आहे म्हणून शेवटपर्यंत नेलेली असावी. मधे किती उरले आहे हे एकदा चोरून पाहिलेले असले तरी उठून गेलेला नसावा. आणि एवढ्या सगळ्या वेळात त्याचा पाय हललेला नसावा.

आपला हलला नाही. मी पाहत होतो. येत्या रविवारपासून सकाळी हजर राहावे. हरकत असल्यास ती हा आढावा वाचायला घेण्यापूर्वी नोंदवायला हवी होती.